परक्या अंगणांतील केर

सत्कृत्याविषयीं शंका घेणें हें सामान्यतः कृपणाचें लक्षण समजलें जातें. भुकेलेल्यास अन्न देणाऱ्याला "तूं हें कां करतोस?" असें कोणी विचारूं लागला, तर आपण त्या विचारणाऱ्याकडेच संशयानें पाहतों, आणि तें बहुधा योग्यहि असतें. तथापि कांहीं सत्कृत्यें अशीं असतात कीं, तीं करणाऱ्याच्याच मनांत शंका उत्पन्न करतात, आणि ती शंका आळसाची सबब नसून विवेकाची टोंचणी असते. निर्वासितांच्या बिनमान्यतेच्या छावण्यांत जाऊन तेथील केरकचरा उचलणें हें अशांपैकीं एक होय. २०१५ नंतरच्या वर्षांत यूरोपच्या किनाऱ्यांवर कित्येक तरुण-तरुणींनीं हातमोजे चढवून हें काम केलें आहे. त्यांच्या श्रमांविषयीं आमच्या मनांत आदर आहे, हें आरंभींच सांगून, त्या श्रमांच्या नैतिक स्वरूपाचा थोडा विचार येथें करावयाचें योजिलें आहे.

या विचारास निमित्त झालें तें आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें पत्र. इंग्लंडांत नोकरीस असलेला हा तरुण २०१६ च्या आरंभीं सुट्टीचे आठ दिवस फ्रान्समधील कॅले येथील छावणींत केर उचलण्यासाठीं गेला होता. परत आल्यावर त्यानें लिहिलें, "सर, आम्हीं किती पिशव्या भरल्या याची मोजदाद नाहीं. पण मला एक कळत नाहीं. मी मदत केली ती त्या निर्वासितांना, कीं तेथल्या नगरपालिकेला?" नीतिशास्त्राच्या परीक्षेंत आम्ही जे प्रश्न घालीत आलों, त्यांतील बहुतेकांहून हा प्रश्न अधिक कठीण आहे असें आम्हांस वाटलें.

प्रथम त्या स्थळाची हकीकत सांगितली पाहिजे. कॅले हें बंदर इंग्लिश खाडीच्या अगदीं चिंचोळ्या भागीं वसलेलें आहे. आकाश निवळलेलें असलें म्हणजे सुमारें ३३ किलोमीटरांवरील इंग्लंडचा किनारा तेथून दिसतो. अफगाणिस्तान, सूदान, एरिट्रिया, सीरिया, इराक अशा देशांतून युद्धाकडे, जुलमाकडे किंवा निराशेकडे पाठ फिरवून निघालेले लोक या कांठावर येऊन अडतात, आणि मालमोटारींत लपून पलीकडे जाण्याची संधि शोधीत राहतात. १९९९ मध्यें जवळच्या सांगात गांवीं रेड क्रॉसच्या देखरेखीखालीं त्यांच्यासाठीं निवारा उघडण्यांत आला होता; तो २००२ च्या अखेरीस बंद झाला. निवारा बंद झाला म्हणून माणसें यावयाचीं थांबलीं नाहींत. तीं झाडींत लपून राहूं लागलीं. त्या झाडीला अफगाण लोक आपल्या बोलींत ‘जंगल’ म्हणत, आणि आपल्याहि नित्य परिचयाचा हा शब्द पुढें फ्रेंच व इंग्रजी वर्तमानपत्रांत विशेषनाम होऊन बसला. २०१५ च्या वसंतांत अधिकाऱ्यांनीं या लोकांस गांवाबाहेरच्या एका ओसाड, वाळवट पट्ट्याकडे लोटलें. तेथें राहिलेलें चालेल, परंतु तेथें त्यांस कोणी वसविणार नाहीं, असा त्या व्यवस्थेचा अर्थ होता. जागा पूर्वीं केर टाकण्याची होती. शरद् ऋतु येईपर्यंत त्या जागेवरील वस्ती सहा हजारांच्या घरांत गेली.

सहा हजार माणसें म्हणजे आपल्याकडील एक मोठें गांवच. आपत्तींत सांपडलेल्यांसाठीं काम करणाऱ्या संस्थांनीं १९९७ मध्यें ‘स्फिअर’ नांवाचा उपक्रम सुरू केला आणि अशा वस्त्यांसाठीं कांहीं किमान मानें ठरविलीं. वीस माणसांमागें एक शौचकूप असावा आणि माणशीं दिवसाला निदान पंधरा लिटर पाणी मिळावें, असें त्यांत सांगितलें आहे. कॅलेच्या वस्तींत पंचाहत्तर माणसांमागें एक शौचकूप होता, पाण्याच्या जागा चार होत्या, आणि वस्तीच्या आंत शिरून केर उचलण्याची व्यवस्था नव्हती. ही माहिती कोणा चळवळ्याच्या भाषणांतील नव्हे. डॉक्टरांची एक संस्था व एक कॅथलिक सेवासंस्था यांनीं दाद मागितल्यावर ती न्यायालयापुढें आली. २ नोव्हेंबर २०१५ रोजीं लिल येथील प्रशासकीय न्यायालयानें सरकार व नगर यांस आज्ञा केली कीं, पाण्याच्या दहा नव्या जागा व पन्नास शौचकूप तयार करावे, केर गोळा करण्याची तजवीज करावी, वस्ती साफ करावी, आणि संकटसमयीं मदतीच्या गाड्या आंत जाऊं शकतील अशी वाट ठेवावी. सरकार वर गेलें. २३ नोव्हेंबर रोजीं फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानें तीच आज्ञा कायम केली, आणि माणसांस अशा स्थितींत राहूं देणें ही त्यांस दिलेली अमानुष व मानहानिकारक वागणूक होय असें मानलें. केरासारख्या क्षुद्र वस्तूला मानवी हक्कांच्या न्यायनिर्णयांत स्थान मिळावें, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. उघड्यावर कुजणारें अन्न, त्यावर पोसलेले उंदीर, आणि त्यांच्या शेजारींच निजलेलीं मुलें हें दृश्य ज्यानें पाहिलें आहे, त्याला केर आणि प्राण यांमधील अंतर फारच थोडें असतें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

अशा वस्तीचीं छायाचित्रें पाहून अनेकांच्या मनांत पहिला विचार येतो तो असा कीं, हे लोकच घाणेरडे. आपल्या दाराचा केर यांस काढतां येऊं नये काय? हा विचार आपल्या समाजांत विशेष सुलभ आहे, कारण घाण ही राहणाऱ्याच्या स्वभावांत असते असें मानण्याची आपणांस जुनी संवय आहे. परंतु केर काढणें आणि केर नाहींसा करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गृहिणी सकाळीं उठून घर झाडते, तेव्हां ती केराला उंबऱ्याबाहेर काढते. त्याचा अंत करीत नाहीं. त्यापुढें पेटी लागते, गाडी लागते, ती गाडी ओढणारे हात लागतात, आणि गांवाबाहेर कोणाच्या तरी शेजारीं एक जागा लागते. मुंबईचा केर १९२७ पासून देवनारला जाऊन पडूं लागला. पुण्याचा केर उरुळी देवाची व फुरसुंगी येथील लोकांनीं वर्षानुवर्षें नाकाला पदर लावून सोसला. आपलीं घरें निर्मळ दिसतात तीं केवळ आपण निर्मळ आहों म्हणून नव्हे. आपला केर दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणांत नेऊन टाकण्याची सोय आपणांस आहे, म्हणूनहि. ही सोय एखाद्या नगरांतून पंधरा दिवस काढून घेतली, तर सुसंस्कृत पेठा आणि ‘जंगल’ यांतील भेद ओळखूं येणार नाहीं.

शिवाय ते लोक स्वच्छतेविषयीं उदासीन होते, ही गोष्टहि खरी नाहीं. त्याच वाळूंत त्यांनीं फळ्या व प्लास्टिकच्या चादरी जोडून एक प्रार्थनामंदिर उभारलें होतें, मशिदी उभारल्या होत्या, खानावळी चालविल्या होत्या. शाळा व पुस्तकांची एक झोंपडीहि तेथें होती. ज्याला चिखलांत देवासाठीं जागा करावीशी वाटते, त्याला केराची शिसारी येत नाहीं असें कोण म्हणेल? परंतु रात्रभर बंदराच्या कुंपणाशीं झगडून पहाटे परतणाऱ्या, आणि ही झोंपडी आठवड्यानें राहील कीं नाहीं हें ठाऊक नसणाऱ्या माणसाकडून नित्य सडासंमार्जनाची अपेक्षा करणें, हें आगीतून पळणाऱ्यास पागोट्याचा पीळ नीट नाहीं म्हणून बोल लावण्यासारखें आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्या केरांतील बराचसा भाग दयेनेंच निर्माण केलेला होता. २०१५ च्या सप्टेंबरांत तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका चिमुकल्या सीरियन मुलाच्या प्रेताचें छायाचित्र जगभर गेलें, आणि इंग्लंड, बेल्जम इत्यादि देशांतून कॅलेकडे मदतीचा लोंढा लागला. त्या लोंढ्यांत उपयोगी वस्तु पुष्कळ होत्या; पण प्रौढ पुरुषांच्या वस्तीला मुलांचे व बायकांचे कपडे, थंडीला उन्हाळी पोषाख, चिखलाला उंच टांचांचे जोडे, असेंहि पुष्कळ होतें. पावसांत भिजून चिखलांत रुतल्यावर त्या दानाचा केर झाला. देणाऱ्याचें घर मोकळें झालें आणि घेणाऱ्याचें दार भरलें. तेव्हां जे स्वयंसेवक केर उचलीत होते, ते पुष्कळदां आपल्याच देशबांधवांच्या अविचारी औदार्याचें परिमार्जन करीत होते. आणि परोपकाराची मर्यादा शिकण्यास याहून चांगली शाळा सांपडणें कठीण.

घाण म्हणजे काय, याविषयीं मेरी डग्लस या इंग्रज विदुषीनें १९६६ सालीं एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. तिच्या विवेचनाचा एक निष्कर्ष असा कीं, घाण हा वस्तूचा अंगभूत गुण नसून तिच्या जागेविषयींचा आपला निवाडा असतो. ताटांतला भात अन्न, तोच भात सदऱ्यावर सांडला म्हणजे डाग. हा निवाडा माणसांच्या घरांपर्यंत कसा पोंचतो तें कॅलेच्या पुढील इतिहासावरून दिसतें. २०१६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें त्या वस्तीचा दक्षिण भाग मोडण्यांत आला, आणि २४ ऑक्टोबर २०१६ पासून उरलेली वस्ती उठविण्यास आरंभ झाला. लोकांस देशांतील निरनिराळ्या निवाऱ्यांत नेण्यांत आलें, हें सरकारच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु माणसें पुन्हां आलीं, आणि ३१ जुलै २०१७ रोजीं त्याच सर्वोच्च न्यायालयास पाणी व शौचकूप यांविषयीं पुन्हां सरकारचे कान उपटावे लागले. त्यानंतर पोलिसांनीं थोड्या थोड्या दिवसांनीं येऊन तंबू उठवावे असा क्रम सुरू झाला. बरोबर सफाईवाल्यांची टोळी असे, आणि मालक जवळ नसला तर त्याचा तंबू, पांघरूण, पिशवी हें सर्व केर म्हणून गाडींत जाई. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या २०२१ मधील अहवालांत याचें वर्णन आहे. म्हणजे जो केर उचलावा म्हणून न्यायालयाला आज्ञा करावी लागली होती, त्या केराला गाडी मिळत नव्हती. आणि जो केर नव्हता, ज्याखालीं कोणी काल रात्रीं निजला होता, त्याला मात्र ती तत्परतेनें मिळाली. शिवाय जी वस्ती पेट्या व पाणी नाकारून गलिच्छ होऊं दिली, तीच गलिच्छ आहे, माणसास शोभणारी नाहीं, म्हणून मोडावी लागते, असा युक्तिवाद पुढें करतां येतो. या युक्तिवादांत घाण हा पुरावा असतो, आणि तो पुरावा वादीनेंच पिकविलेला असतो.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. जें काम सरकारचें तें स्वयंसेवक फुकट करूं लागले, तर सरकारला तें करण्याची निकड राहत नाहीं. केर दिसेनासा होतो, वार्ताहर निघून जातात, रोगाची सांथ येत नाहीं. आणि कर्तव्यच्युतीचा जो बोभाटा व्हावयाचा तो होत नाहीं. अन्याय सुसह्य करणारा मनुष्य अन्यायाचें आयुष्य वाढवितो, असें या मताचें सार आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. दुष्काळांत सरकारी कामें सुरू न करतां श्रीमंतांच्या अन्नछत्रांवर विसंबणाऱ्या राजवटी आपणांसहि इतिहासानें दाखविल्या आहेत. पण या आक्षेपाचा शेवट कोठें होतो तेंहि पाहिलें पाहिजे. सांथ यावी, म्हणजे सरकारला जाग येईल, म्हणून केर राहूं द्यावा, असें म्हणणारा मनुष्य दुसऱ्याच्या मुलाचा ताप आपल्या युक्तिवादाच्या कामीं लावीत असतो. त्या मुलाची संमति त्यानें घेतलेली नसते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरूं नये, हा कांटचा दंडक जर कोठें लागू पडत असेल तर तो येथें पडतो.

आणि या आक्षेपांत एक वस्तुस्थितीचीहि चूक आहे, ती आमच्या त्या विद्यार्थ्याच्या पत्रांतच आमच्या दृष्टीस पडली. "आम्ही पिशव्या बांधून रस्त्याच्या कडेपर्यंत नेत होतों," असें त्यानें लिहिलें होतें. रस्त्याच्या कडेपर्यंत! त्यापुढें काय? स्वयंसेवकापाशीं हात असतात, हातमोजे असतात, उत्साह असतो. परंतु त्याच्यापाशीं केर पुरण्याची जमीन नसते आणि ती घेण्याचा अधिकारहि नसतो. भुकेलेल्याला आपण आपल्या पदरचें अन्न देऊं शकतों आणि तेथें तें कार्य पूर्ण होतें. केराचें तसें नाहीं. तो आपल्या पदरीं घेऊन कोणी घरीं जात नाहीं. त्याची शेवटची मजल नगराच्या गाडीवांचून होत नाहीं, आणि गाडी आली नाहीं तर त्याच पिशव्या उंदीर रात्रींत फोडतात. तेव्हां स्वयंसेवकानें सरकारची जागा घेण्याचें मनांत आणलें तरी या कामांत तें शक्य नाहीं. बांधून रस्त्यावर ठेवलेली पिशवी ही नगरपालिकेवर केलेली उपकाराची वृष्टि नव्हे. ती तिच्या दारीं ठेवलेली मागणी आहे. ती मोजली, तिची नोंद केली आणि ती नोंद न्यायाधीशापुढें ठेवली, तर ती मागणी बोलकी होते. कॅलेंत सेवा करणाऱ्या संस्थांनींच न्यायालयाचीहि पायरी चढली, ही गोष्ट आम्हांस यासाठीं मोलाची वाटते. उचलणें आणि जाब विचारणें हीं एकाच कर्तव्याचीं दोन अंगें आहेत. पहिलें सोडून दुसरें करणारा निष्ठुर होण्याचा संभव असतो, आणि दुसरें सोडून पहिलें करणारा, आमच्या विद्यार्थ्यास वाटली तशी, नगरपालिकेची बिनपगारी चाकरी करूं लागण्याचा.

महाराष्ट्रांत झाडूच्या नीतीचा विचार करतांना गाडगे महाराजांची आठवण न होणें अशक्य आहे. ते गांवांत आले म्हणजे कोणाशीं न बोलतां रस्ता झाडूं लागत, आणि रात्रीं कीर्तनांत लोकांस प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडीत. झाडू पहिला, प्रश्न मागाहून. पण प्रश्नावांचून झाडू नाहीं. त्यांच्या झाडण्यानें गांवकरी शरमत आणि स्वतः झाडूं लागत, कारण केर त्यांचा होता आणि ते समोर उभे होते. कॅलेसारख्या ठिकाणीं ज्यानें शरमावें तो समोर नसतो. तो कचेरींत असतो. म्हणून तेथें कीर्तनाची जागा न्यायालयाला घ्यावी लागली.

दुसरी आठवण डॉ. आंबेडकरांची. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून गौरविण्यावर त्यांनीं कठोर टीका केली, आणि त्या टीकेचें मर्म हें कीं, ज्याच्या हातीं जन्मानें झाडू बांधला आहे त्याच्यापुढें झाडूचें माहात्म्य गाणें ही त्याची थट्टा आहे. आठ दिवस केर उचलून परतणाऱ्या तरुणानें हें विसरूं नये. त्याच्या कामाचें तेज तें काम सोडण्याच्या स्वातंत्र्यांतून येतें. तो हात धुतो, बोटींत बसतो आणि ज्या किनाऱ्यासाठीं ते सहा हजार लोक तळमळत असतात तेथें दोन तासांत पोंचतो. या भेदाची जाणीव असली म्हणजे त्याच्या वागण्यांत उपकारकर्त्याची ऐट येणार नाहीं. आणि वस्तींतील लोकांस न विचारतां, त्यांच्या दारांतील वस्तु आपल्याच निवाड्यानें केर ठरवून उचलण्याची चूकहि होणार नाहीं. तसें झालें तर त्याच्यांत आणि तंबू फेकणाऱ्या टोळींत फार अंतर राहत नाहीं.

मग छावणींतील लोकांनींच आपली छावणी झाडावी हें उत्तम नव्हे काय? अवश्य उत्तम, पण एका अटीवर. १२ नोव्हेंबर १९४७ रोजीं गांधीजी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रांतून कुरुक्षेत्राच्या छावणींतील निर्वासितांशीं बोलले. छावणीची स्वच्छता तेथें राहणाऱ्यांनींच राखावी, हा आग्रह त्यांनीं त्या काळांत निर्वासितांपाशीं पुन्हां पुन्हां धरला. परंतु त्या छावण्या सरकारनें आपल्या मानल्या होत्या. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आलेल्या सिंधी बांधवांचे हाल थोडे झाले नाहींत; तरी १९४९ मध्यें त्या छावणीला उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि नांवाबरोबर गांव म्हणवून घेण्याचा व गांवाच्या सोयी मागण्याचा हक्कहि मिळाला. आपल्या गांवाचा केर काढण्यांत स्वाभिमान असतो. ज्या जागेवरून उद्यां हांकलणार तेथला केर काढण्यांत तो कोठून आणावा? आश्चर्य हें कीं, माणसें तो तेथेंहि आणतात. ग्रीसच्या लेस्बोस बेटावरील मोरिया छावणी सुमारें तीन हजार लोकांपुरती होती. २०२० च्या आरंभीं ती व तिच्या भोंवतालच्या ऑलिव्हच्या बागा मिळून वीस हजारांच्या आसपास लोक राहत होते. त्या वसंतांत करोनाची सांथ आली, तेव्हां निर्वासितांनीं स्वतःच पथकें उभारलीं, आणि बागांत साचलेला केर पिशव्यांत भरण्याचें काम हातीं घेतलें. सप्टेंबरांत ती छावणी आगींत जळून गेली. परंतु त्या पथकांनीं जें सिद्ध केलें तें जळण्यासारखें नव्हतें. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकाचें योग्य स्थान अशा पथकाच्या पुढें नसून त्याच्या बाजूला असतें. त्यानें हातमोजे आणावे, पेट्या आणाव्या, नगराशीं भांडण करावें, आणि झाडू मात्र दोघांनीं मिळून धरावा.

यावर शेवटचा आक्षेप निराशेचा असतो. आज उचललेला केर उद्यां पुन्हां पडणार, आज साफ केलेली वस्ती परवां मोडली जाणार. मग या श्रमाचें फळ काय? हा प्रश्न विचारणारे बहुधा पुरुष असतात आणि त्यांच्या घरांतील केर दुसरें कोणी तरी काढीत असतें, असा आमचा अनुभव आहे. केर रोजच पडतो, सर्वच घरांत पडतो. जेथें माणसें जेवतात, निजतात, मुलें वाढवितात, तेथें तो पडावयाचाच. आणि म्हणूनच रोज सकाळीं झाडू हातीं घेणाऱ्या गृहिणीला, काल काढलेला केर आज पुन्हां पडला म्हणून, कोणी व्यर्थ श्रम करणारी म्हणत नाहीं.